खेकडे उगाच बदनाम

तुमच्या गावाला छोटं मातीचं धरण असेल तर आधी अभिनंदन. असं धरण म्हणजे सरकारनं दावणीला आणून बांधलेली दुभती म्हैस. चारा टाकायचा नाही, शेण काढायचं नाही, नुसती धार काढत राहायची आणि आटली की सरकारच्याच नावानं ठणाणा करायचा. हे कसं जमवायचं ते सांगतो, कारण आमच्या गावानं जमवून दाखवलंय. परवा नवव्या दिवशी नळाला पाणी आलं, चार हंडे भरले, पाचव्या हंड्यात नळानं नुसतं फुर्रर्र केलं. संध्याकाळी सहज धरणावर चक्कर मारायला गेलो आणि तिथं जे दिसलं ते बघून वाटलं, एवढं ज्ञान एकट्या आमच्या गावापुरतं ठेवणं बरं नाही.

सुरुवात झाडांपासून करा. ५ जूनला झाडं लावायची तर गायरान आहे, शाळेचं मैदान आहे, पण फोटोत मागं पाणी दिसायला पाहिजे ना, म्हणून खड्डे थेट धरणाच्या भिंतीवर घ्यायचे. आमच्याकडं मागच्या वर्षी वड आणि पिंपळ लावले, नारळ फोडून. मुळं भिंतीत लांबवर घुसतात, पुढंमागं झाड वाळलं की मुळं कुजतात आणि मातीत आयत्या नळ्या तयार होतात, पाण्याला बिचाऱ्याला वाट शोधत बसायला नको. खड्डे घ्यायचाही कंटाळा असेल तर काहीच करू नका, वेड्या बाभळी आपल्या आपण येतात.

पिचिंगचे, म्हणजे लाटांनी माती धुपू नये म्हणून भिंतीच्या पाण्याकडच्या अंगाला रचलेले दगड घरी न्या, गोठ्याच्या जोत्याला फार छान बसतात.

सांडव्याचं जरा समजून घ्या, म्हणजे नीट बिघडवता येईल. दगड-सिमेंटच्या धरणावरून पाणी गेलं तर ते बहुतेक वेळा सोसतं, मातीच्या भिंतीवरून गेलं की भिंत गुळाच्या ढेपेसारखी विरघळत जाते. म्हणून बाजूला सांडवा ठेवतात, जादाचं पाणी तिथून गुपचूप निघून जावं म्हणून. भिंत सांडव्यापेक्षा उंच ठेवलेली असते ती काय इंजिनिअरला माती जास्त झाली म्हणून नाही, ती उंची मोठ्या पुरासाठी आणि लाटांसाठी सोडलेली असते. पण आपल्याला ती फुकट गेलेली जागा वाटते. मग सांडव्यावर वाळूची पोती रचा, "दोन फूट पाणी वाढवलं" म्हणून रील टाका, ड्रोन असला तर बहारच. खाली लाइक करणाऱ्यांत निम्मे लोक धरणाच्या बरोबर खालच्या वस्तीतले असतात, हे विशेष.

पाणी सोडायच्या झडपेचं चाक कुणाच्या घरी पडलंय हे विचारू नका. सगळ्यांना माहितीये.

गाळाबद्दल मात्र चांगलं बोललंच पाहिजे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ ला आली, आणि योजना खरंच बरी आहे, हलक्या रानात गाळ पडला की रान पालटतं, धरणातही जागा होते. अडचण एकच, गाळ संपला की थांबावं लागतं. ते आपल्याला कसं जमणार? खाली मुरूम लागतो आणि मुरुमाला गिऱ्हाईक असतं. मग गाळाच्या नावाखाली मुरूम काढायचा, तळाचा चिकण थर फोडून खाली जायचं आणि खणत खणत भिंतीच्या पायथ्याला येऊन टेकायचं. पुढच्या वर्षी पाणी दिवाळीलाच तळाला गेलं की म्हणायचं, पाऊस कमी झाला.

तक्रार करायची हौस असेल तर आधी धरण कुणाचं ते शोधा. १०० हेक्टरपर्यंत सिंचन असेल तर जिल्हा परिषद, त्याच्यावर जलसंधारण, आणखी मोठं असेल तर जलसंपदा. मी अर्ज दिला, तर एका ऑफिसनं दुसरीकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसरीकडं, आणि तिसरीकडं साहेब साइटवर गेले होते. कुठल्या साइटवर ते धरणालाच माहीत, कारण तिथं तरी मला कुणी दिसलं नाही.

आता मुख्य उपाय, जो मी त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिला. भिंत फोडून पाइपलाइन टाका.

त्याचं असं आहे, उन्हाळ्यात धरणात जे शेवटचं पाणी उरतं तो मृत साठा, म्हणजे विमोचकाच्या, पाणी सोडायच्या तोंडाच्या, खालचं पाणी, ते पाटाला येत नाही. येत नाही म्हणून ते कुणाचंच नाही असा आपला समज. प्रत्यक्षात आमची पाणीपुरवठ्याची विहीर धरणाच्या खालच्या अंगाला आहे, आणि मार्च-एप्रिलपासून ती जगते ती याच पाण्यावर, जमिनीखालून जे झिरपतं त्याच्यावर. शंभर टँकर करू शकत नाहीत ते काम हे गढूळ डबकं न बोलता करतं. तर एका भाऊंनी काय केलं, चार ड्रमवर तराफा बांधून त्यावर मोटर बसवली, आकडा टाकला, आणि पाइप भिंतीवरून न्यायला चढ पडतो म्हणून जेसीबी लावून भिंतीला आडवा चर मारला. कंबरभर खोल. त्यात चार इंची काळा पाइप टाकला आणि वरून तीच माती ढकलली, ढेकळांसकट, त्यात गुटख्याच्या पुड्यासुद्धा होत्या. मी पायानं दाबून बघितलं तर पाय घोट्यापर्यंत आत गेला.

मी म्हणलं, "भाऊ, ही माती दाबली नाही का?"

"पहिल्या पावसात बसंल की काका आपोआप. तुम्ही नका टेन्शन घिऊ."

आपोआप! अरे ही भिंत काय आपोआप बसली होती का? मधे काळ्या चिकण मातीचा गाभा, त्याच्यावर मुरमाड मातीचं आवरण, आणि हे सगळं वीतवीतभर थर देऊन, पाणी मारून, रूळ फिरवून, मग पुढचा थर. असे थरावर थर. त्या घट्टपणामुळं पाणी आत शिरतं पण मुंगीच्या पावलानं, आणि खालच्या अंगाला निघेपर्यंत त्याच्यात जोर उरत नाही. तू मधे गुळगुळीत पाइप टाकलास आणि भोवती भुसभुशीत माती भरलीस, म्हणजे पाण्याला हमरस्ता करून दिलास. तळं भरून पाणी तिथवर चढलं की ते पाइपाच्या अंगाअंगानं निघणार, पहिल्यांदा स्वच्छ निघंल, कुणी लक्ष देणार नाही, मग गढूळ निघंल, म्हणजे भिंतीची माती सोबत यायला लागली, आणि तिथून पुढं किती वेळ हातात असतो ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पानशेत काय दुसऱ्या कशाचं होतं? मातीचंच. भिंतीच्या पोटातून पाणी सोडायचा जो मार्ग होता तिथंच बिघडलं, वरची भिंत खचत गेली, जवानांनी रात्रभर पोती रचली आणि १२ जुलै १९६१ ला फुटायचं ते फुटलंच, पाठोपाठ खडकवासला गेलं, अर्ध्या पुण्याच्या घरात पाणी. तिथं निदान लष्कर होतं. आपल्या धरणावर रात्री कोण असतं? एक कुत्रं आणि आकड्याची वायर. आणि पाऊस येईपर्यंत हा पाइप तुझ्या उसाला पाणी पाजणार, तेही पाटानं मोकळं, कारण ठिबकच्या नळ्या उंदरानं खाल्ल्या म्हणे, आणि माझ्या घरात पाचव्या हंड्यात फुर्रर्र.

हां, उपाय सांगत होतो. विसरलोच.

शेवटचा उपाय, खेकडे. हा हाताशी असू द्या. २ जुलै २०१९ ला रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेही मातीचं, तेही छोटंच. खालची घरं झोपायच्या तयारीत होती, ती वाहून गेली, माणसं गेली. गळती आहे म्हणून गावकरी आधीपासून सांगत होते. आणि नंतर मंत्रिमहोदयांनी कारण सांगितलं, खेकडे. आता खेकडे, उंदीर, घुशी मातीची भिंत पोखरतात हे खोटं नाही, पुस्तकातही आहे, पण म्हणूनच तर भिंतीवर माणूस फिरवायचा असतो, बीळ दिसलं की बुजवायचं असतं, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासणी करायची असते. खेकड्याला काय नोटीस काढणार? तो जेसीबी लावत नाही. तो आकडा टाकत नाही. भिंतीवर वड लावून फोटोही काढत नाही.

बास झालं. मला आता हसूही येत नाहीये.

माझ्या आईनं ७२ च्या दुष्काळात या भिंतीवर माती वाहिलीये. सुकडी खाऊन. ती अजून सांगते की मुकादम पाटी अर्धी भरलेली दिसली की हजेरी कापायचा. तिच्या वयाच्या बायकांनी डोक्यावर वाहिलेली माती तुम्ही एका दुपारी, तासाच्या भाड्यानं जेसीबी आणून उपसली आणि गाव बघत राहिलं. मीसुद्धा. वर्षभर पिचिंगचे दगड जाताना बघत होतो, नातेवाइकाचा ट्रॅक्टर म्हणून तोंड उघडलं नाही, ते माझंही चुकलंच. पण तुम्ही, ज्यांच्या घरात चाक आहे, ज्यांच्या शेतात पाइप आहे, ज्यांच्या टेबलावर माझा अर्ज पडलाय, तुम्हाला लाज नावाची काही वस्तू? वस्तीवर ज्या पोरांना तुम्ही आइस्क्रीम घेऊन देता ना लग्नात, ती पोरं सांडव्याच्या ओढ्याच्या काठावर झोपतात.

पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. पाइप काढा, मोटर काढा. चर पुन्हा उघडा, ढेकळं बाहेर फेका, चिकण माती आणून वीतभर थर टाका, पाणी मारा, धुम्मस करा, मग पुढचा थर, आणि हे खात्याच्या माणसाला समोर उभा करून करा. सांडव्यावरची पोती आजच उचला, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि जेसीबी मिळत नाही हे कारण मला सांगू नका, चर खणायला रविवारी दुपारीसुद्धा मिळाला होता.