चेन दिसली म्हणून बिघडलं कुठे?

'चेन लपवणं हेच शिवणाऱ्याचं कौशल्य. ती उघडी ठेवणं म्हणजे अर्धवट शिवलेला कपडा फॅशन म्हणून खपवणं,' माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेतलं हे तुमचं वाक्य वाचल्यावर मी दोन दिवस थांबले. तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं शिवता हे प्रतिक्रियेतून कळतं, त्यामुळे घाईघाईत उत्तर द्यायचं नव्हतं. कपड्यावर मुद्दाम दिसेल अशा चेनचं, म्हणजे झिपचं, मी त्या लेखात केलेलं कौतुक तुम्हाला तीन कारणांनी खटकलं: हा आळस आहे, हे दोन वर्षांचं खूळ आहे, आणि धातूचे दात अंगाला लागतात. तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पहिल्या दोन्हींवर मात्र मी भांडणार आहे.

आधी आळस. अदृश्य चेन, म्हणजे शिवणीत लपणारी, बसवणं सोपं नाही, कबूल. पण टीप दोराभर इकडेतिकडे गेली तर कापडाची घडी ते झाकून घेते. दिसणाऱ्या चेनला ही सवलत नाही. आधी आतून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावून कापडाला बळ द्यायचं, सेंटिमीटरभर रुंदीच्या खिडकीची टीप मारून ती कापायची आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत त्या टिपेला जवळजवळ टेकेल असा तिरका कट द्यायचा. कट थोडा कमी पडला की चुणी, थोडा जास्त झाला की भोक. मग धावदोऱ्यावर चेन बसवून वरून टीप. ही टीप दातांच्या शेजारून जाते, आणि दात म्हणजे आखलेली सरळ रेघ. त्या रेघेशेजारी दोन मिलिमीटरचा वाकडेपणाही लांबून ओळखू येतो. माझी पहिली अशी चेन मी तीनदा उसवली होती. चेनची पट्टी कापडावर नुसती ठेवून वरून टीप मारलेले तयार कपडे मिळतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण लपवलेली चेन कमरेच्या जोडावर अडकते आणि जरा ताण आला की उकलते, असेही ढीगभर कपडे मिळतातच की. वाईट शिवणीचं खापर चेनवर का फोडायचं?

आता खूळ. चेन जन्मली तीच उघड्यावर, आणि तीही बुटांसाठी. अमेरिकी संशोधक व्हिटकम्ब जडसन यांनी १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेली चेन आकड्यांची होती आणि ती भरवशाची नव्हती. एकात एक बसणाऱ्या दातांची आजची रचना गिडिऑन सुंडबॅक या अभियंत्याने १९१३ च्या सुमारास साधली आणि १९१७ मध्ये तिचं पेटंट मिळालं. 'झिपर' हा शब्द रुळला तो १९२३ मध्ये, गुडरिच कंपनीच्या रबरी बुटांमुळे. १९२८ साली न्यूयॉर्कच्या शॉट यांच्या परफेक्टो या मोटारसायकल जॅकेटवर तिरकी चेन आली, ती लपवण्याचा प्रश्नच नव्हता. आणि जिला उंची फॅशन म्हणतात, तिथे पॅरिसच्या डिझायनर एल्सा स्कियापरेल्ली यांनी १९३५ च्या सुमारास संध्याकाळच्या झुळझुळीत पोशाखांवर रंगीत प्लॅस्टिकच्या चेन मुद्दाम दिसतील अशा लावल्या. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांनी पँटच्या पायांवरून त्या फिरवल्या. दात मागे वळवलेली अदृश्य चेन स्कियापरेल्लींनंतर पुष्कळ वर्षांनी आली. म्हणजे वयाने धाकटी कोण, हे तुम्हीच पाहा.

पण इतिहासासाठी मी तो लेख लिहिला नव्हता. माझ्या मावशीच्या बोटांना संधिवात आहे. तिच्या आवडत्या ड्रेसला पाठीवर अदृश्य चेन होती आणि रनरचं, म्हणजे चेन लावताना वरखाली सरकणाऱ्या भागाचं, टोक तांदळाच्या दाण्याएवढं. तो ड्रेस घालायचा तर पाठीशी कुणीतरी उभं हवं, आणि घरी आल्यावर काढायलाही. हळूहळू तिने तो घालणंच सोडलं. कारण कुणाला सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा मी तिला गडद हिरव्या जाड सुती कापडाचा ड्रेस शिवला, समोर गळ्यापासून कमरेखालपर्यंत पितळी चेन, आणि रनरला बोट सहज अडकेल अशी मोठी कडी. चेन समोर आहे कारण तिचा हात तिथे पोचतो. ती दिसते कारण रनर कुठे आहे हे तिला न चाचपडता कळायला हवं. या ड्रेसमध्ये आळस कुठे आहे ते मला दाखवा.

याच कारणाने तुमचं एक म्हणणं मी उचलून धरते. उघडतच नाही अशी चेन, नुसती खिशाच्या जागी टाचलेली, मलाही सहन होत नाही. तिचं वजन कापडाने उचलायचं, ती धुण्यात इतर कपड्यांना ओरबाडणार, आणि काम शून्य. पाठीवरच्या लांबलचक उघड्या चेनबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. ती दिसायला मला फार आवडते, पण घालणारीला स्वतःच्या हाताने लावता येत नाही.

धातूबद्दल मी लेखात लिहायला हवं होतं, ते आता लिहिते. चेनच्या धातूत निकेल असू शकतं आणि त्यामुळे अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठतं, तेव्हा धातूच्या चेनमागे आतून सुती पट्टी हवीच, अस्तर असलं तरी. चेनचा नंबर साधारणपणे बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. नेहमीच्या ड्रेसला तीन किंवा पाच पुरे. आठ-दहा नंबर जाड जॅकेटसाठी. शिफॉनसारख्या कापडावर धातूची चेन लावूच नये, झोल पडतो आणि कापड लोंबतं. तिथे नायलॉनची.

तुमच्या जॅकेटची चेन दोन महिन्यांत दगा देऊ लागली, मागून दात उघडे पडतात, असंही तुम्ही लिहिलंय. एवढ्यात पूर्ण चेन बदलू नका. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनरच्या दोन कडा फाकलेल्या असतात. रनर अगदी खाली न्या आणि छोट्या पक्कडीने मागच्या कडा, म्हणजे जिथून जुळलेले दात बाहेर पडतात त्या, एक एक करून हलकेच दाबा. जोर लावला तर रनर तडकेल. मग दातांवर पेन्सिलचं शिसं किंवा मेणबत्ती घासून दोनचार वेळा वरखाली करा. तरीही उघडी पडली, तर फक्त रनर नवा घ्या. त्याच्या पाठीवर बहुधा नंबर कोरलेला असतो, तो पाहूनच घ्या.