पेनानं केलेला गोल

परवा वॉर्डात एक फॉर्म आला. बीएस्सी नर्सिंगच्या पोरींचा प्रोजेक्ट, कामाच्या ठिकाणचं वातावरण कसं वाटतं, 1 ते 5 मध्ये गोल करा. आम्ही सगळ्यांनी 3 ला गोल केला न् रजिस्टर पुढं ओढलं, कारण हँडओव्हर तोंडावर आला होता न् तीन सलाईन संपायला आलेल्या.

नाईटला मात्र तेच डोक्यात घोळायलं. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, पाठ केलेलं, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात 3 पेशंटला 1 नर्स, नर्सिंग कौन्सिलचा हिशोब. इथं आम्ही दोघी न् पेशंट 58, त्यातले कितीतरी खाली गादीवर. बाथरूमच्या कडीचं तर बोलूच नका, एकीनं आत जायचं न् दुसरीनं दाराला उभं राहायचं.

पण खरं सांगू का, या सगळ्याची सवय होते बगा. माणसांची होत नाही.

मागच्या हंगामात ऊसतोडीहून आलेली एक बाई, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन 5 वर, डिलिव्हरी होऊन दोन तास झालेले. बीपी ठीक होतं पण पल्स 120 च्या पुढं, अंग गार पडायलं. रक्त जास्त गेलं की आधी पल्स पळतो, बीपी मागून पडतं, हे आम्हाला रोज बघून कळतं. मी ड्युटीवरच्या सरांना म्हणलं, सर, हिचं काही बरं दिसंना. ते चप्पल घालायचं सोडून तसेच पळत आले. बाई वाचली. आठच दिवसांनी दुसऱ्या पेशंटचं असंच सांगायला गेले तर दुसरे सर म्हणाले, सिस्टर तुम्ही चार्ट लिहा. वॉर्ड तोच, चाक अडकणारी ट्रॉली तीच. आता सांगा, गोल कुठं करू?

आमच्याकडं भिंतीवर बोर्ड आहे, 2010 चा कायदा, दवाखान्यात मारहाण केली तर 3 वर्षांपर्यंत कैद. अंगावर आलेला नातेवाईक बोर्ड वाचतो व्हय? एकदा असाच एक अंगावर आला तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टर मधी येऊन उभ्या राहिल्या, म्हणल्या, दादा माझ्याशी बोला, तिला इंजेक्शन देऊ द्या. त्या रिटायर झाल्यापासून ड्युटीला निघताना पोटात गोळा येतो. 12 मेला, नर्सेस डेला, गुलाब न् केक मिळतो तो वेगळा.

सकाळी ती पोरगी फॉर्म न्यायला आली. म्हणलं, बाई, 3 खोडून बाजूला दोन ओळी लिहू का? तर म्हणती, मॅडम, पेनानं केलाय ना, आता राहू द्या.