कंसात टाइप लिहिला की झालं?

युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतोय: ‘कॅनॉट इम्प्लिसिटली कन्व्हर्ट टाइप’ (एका टाइपची, म्हणजे प्रकारची, किंमत आपोआप दुसऱ्या टाइपची होत नाही) ही एरर आली की विचार करत बसू नका, समोर कंसात हवा तो टाइप लिहा, म्हणजेच कास्ट करा. तेही जमलं नाही तर टाइप बदलायचा दुसरा शब्द, ‘ॲज’, लावा. एररखालची लाल रेघ गेली की कोड बरोबर.

रेघ जाते, एवढं खरं.

आधी किरकोळ गोष्ट. फ्लोट, म्हणजे दशांश आकड्याच्या, व्हेरिएबलमध्ये २.५ टाकलं आणि कोड तपासणारा कंपायलर कुरकुरला, तर कास्ट कशाला? युनिटीच्या सी शार्प भाषेत दशांश चिन्हाचा आकडा मुळात डबल या वेगळ्या दशांश टाइपचा असतो. त्याच्यामागे एफ लावा. एरर मेसेजात हेच लिहिलेलं असतं, पण मेसेज शेवटपर्यंत वाचतो कोण!

टाइलमॅपवर, म्हणजे चौकोनी घरांच्या नकाशावर, खेळाडू कोणत्या चौकोनात आहे हे काढायला त्याचा एक्स (आडवी जागा) इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, हवा. कास्ट केला की एरर गायब. पण हा कास्ट दशांश भाग नुसता छाटतो: ०.५ चं ०, आणि उणे ०.५ चंही ०. शून्याच्या दोन्ही बाजूंचे चौकोन एकच होऊन बसतात आणि त्याच्या डावीकडचं सगळं एका घराने चुकतं. फक्त उजवीकडे पळवून बघणाऱ्याला हे कळतही नाही. इथे मॅथएफ.फ्लोअरटूइंट हवं, ते उणे ०.५ चं उणे १ देतं. डॅमेजचा अपूर्णांक मुद्दाम टाकायचा असेल, तर कास्ट खुशाल वापरा.

‘ॲज’चा सल्ला त्याहून घातक. फाइल आणून देणाऱ्या रिसोर्सेस.लोडकडे टाइप न सांगता पीएनजी चित्र मागितलं आणि पुढे ‘ॲज स्प्राइट’ (स्प्राइट म्हणजे गेममध्ये दाखवायचं चित्र) लिहिलं, तर कोड बिनबोभाट कंपाइल होतो. पण लोडने हातात दिलेलं असतं टेक्श्चर, म्हणजे चित्राचा नुसता कच्चा माल. ते स्प्राइट नाही, म्हणून ‘ॲज’ गुपचूप नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं आणि स्क्रीनवरच्या यूआय इमेजच्या जागी पांढरा चौकोन दिसतो. मग माणूस इम्पोर्ट सेटिंग्ज धुंडाळत बसतो. कंसातल्या कास्टने निदान त्याच ओळीवर इनव्हॅलिड कास्ट एक्सेप्शन ही एरर गेम चालवताना फेकली असती. खरा उपाय म्हणजे स्प्राइट हवाय हे लोडलाच सांगणं.

राहिली ‘रेघ नाही म्हणजे चूक नाही’ ही समजूत. खेळाडूची हेल्थ ७५, कमाल १००, दोन्ही इंट. भागाकार फ्लोटमध्ये ठेवलात तर कंपायलर चकार शब्द काढत नाही. उत्तर मात्र ०, कारण भागाकार आधीच इंटमध्ये उरकलेला असतो. पहिल्याच फटक्यात हेल्थ बार रिकामा! अख्ख्या भागाकाराला कंस घालून फ्लोट केलंत, तरी शून्याचाच फ्लोट होणार. फ्लोट करायचं ते एकट्या हेल्थला, भागायच्या आधी.