यंत्र आधी, पुस्तक मग

आयटीआयच्या बदलत्या अभ्यासक्रमावरच्या लेखातलं ‘निदेशकांना (म्हणजे आम्हा आयटीआयच्या शिक्षकांना) बदल नको असतो’ हे वाक्य मनाला लागलं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवतो. २०१३ ला सेमिस्टर आलं, २०१८ ला परत वार्षिक पद्धत. दोन्ही वेळा पाठनियोजन, जॉबच्या (प्रात्यक्षिक कामांच्या) याद्या सगळं नव्याने लिहिलं. त्याची तक्रार नाही. पण कॉमन रेल, म्हणजे नव्या डिझेल इंजिनांतली इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणीची पद्धत, शिकवायची वेळ आली तेव्हा वर्कशॉपात जुना इंधन पंपच होता. मे महिन्याच्या सुट्टीत मिरजोळे एमआयडीसीतल्या एका गॅरेजात उभा राहून मी ते शिकलो, मग पोरांना शिकवलं. आणि मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर अजून जुनीच इंजिनं भेटतात, म्हणजे तेही सोडून चालत नाही. एवढ्या तासांत दोन्ही कसं बसवायचं, हे अभ्यासक्रम ठरवताना आम्हाला कुणी विचारावं, एवढंच मागणं आहे.