उतारावर टू-स्ट्रोक गाडी न्यूट्रल करू नका

“टू-स्ट्रोक गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवली की इंजिन सीझ (ऑइलअभावी जाम) होतं, म्हणून न्यूट्रल करा. टाकीत ऑइल दुप्पट घाला. टूटी ऑइल (टू-स्ट्रोकसाठीचं, पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल) नसेल तर साधं इंजिन ऑइलही चालतं.” हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचला. परवा तो मोठ्या विश्वासानं म्हणाला, “मामा, मी आता उतार न्यूट्रलमध्येच उतरतो.” ऐकून पोटात गोळा आला.

न्यूट्रल केलं की गाडीचा आणि तुमचा सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ड्रम तापतो, लायनर पकड सोडतात, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. तेव्हा घाईनं खालचा गिअर टाकायला गेलात, तर तो पडत नाही किंवा पडून मागचं चाक घसरतं. टू-स्ट्रोकचं इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमध्ये असताना थ्रॉटल सोडल्यावर इंजिननं गाडीला घातलेला आवर, मुळातच कमी असतं, मान्य. पण जे थोडं आहे तेही सोडून द्यायचं?

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेल्या गाडीत थ्रॉटल बंद केला की पेट्रोल कमी जातं, त्याबरोबर ऑइलही. इंजिन मात्र जोरात फिरत राहतं. म्हणूनच साब या स्वीडिश कंपनीच्या टू-स्ट्रोक मोटारींना फ्रीव्हील होतं, म्हणजे थ्रॉटल सोडला की चाकं इंजिनला फिरवत नसत. हा दाखला मेसेजच्या बाजूचा वाटेल, पण ते फ्रीव्हील लॉक करायचीही सोय होती. बेअरिंगवरचं आणि सिलिंडरमधलं ऑइल काही क्षणात उडून जात नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, वेग आधीच कमी करा, इंजिन किंचाळू देऊ नका आणि दर काही सेकंदांनी क्लच दाबून थोडी रेस द्या. तेवढ्यानं ऑइल आत जातं.

ऑइल पंप असलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. यामाहानं १९६४ मध्ये वायए-६ या मोटरसायकलवर ऑटोल्यूब ही ऑइल पंपाची यंत्रणा आणली. त्यात पंप इंजिनच्या फिरण्यावर चालतो आणि थ्रॉटलच्या केबलनं मात्रा ठरते. थ्रॉटल बंद असला तरी पंप थोडं ऑइल देतच राहतो.

दुप्पट ऑइलनं प्लग काळा पडतो, सायलेन्सर चोंदतो. कंपनीनं सांगितलेलं प्रमाणच ठेवा.

आणि साधं इंजिन ऑइल नकोच. ते जळून जाण्यासाठी बनवलेलं नसतं. त्यातल्या धातुयुक्त घटकांची राख पिस्टनवर आणि प्लगवर बसते. टाकीत घातलं असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करा, मगच किक मारा.