४३ भागिले प्रश्नचिन्ह

रात्री पावणेतीनला मी एका फॅनफिकचा ४३ वा भाग संपवला. शेवटचं वाक्य असं होतं की ती दार उघडायच्या बटणावर हात ठेवते आणि आतून त्याचा आवाज येतो, "थांब, तुला एक सांगायचंय." आणि खाली 'पुढचा भाग' हे बटणच नाही. मी पेज रिफ्रेश केलं, परत केलं, मग वर गेले आणि जे सगळ्यात आधी बघायला पाहिजे होतं ते तेव्हा बघितलं. भाग : ४३/?. शेवटचा अपडेट मार्च २०१७. आणि हे मी वाचत होते २०१८ च्या ऑगस्टमध्ये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फॅनफिक म्हणजे एखाद्या सिरियलची किंवा पुस्तकाची पात्रं घेऊन चाहत्यांनी स्वतःच्या हौसेखातर लिहिलेली गोष्ट, पैशाशी संबंध नाही. यांचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे एओथ्री, पूर्ण नाव आर्काइव्ह ऑफ अवर ओन. ते २००९ पासून सुरू आहे, जाहिराती नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालतं, सांभाळणारे सगळे स्वयंसेवक, आणि २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कारसुद्धा मिळालाय (तेव्हा मी घरात अशी मिरवत होते की जणू स्टेजवर जाऊन मीच घेऊन आलेय). तिथे प्रत्येक गोष्टीच्या वर दोन आकडे असतात, किती भाग झाले आणि एकूण किती होणार. लेखकाला स्वतःलाच माहीत नसेल तर दुसऱ्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. म्हणजे साइट प्रामाणिकपणे सांगत असते की बाई, यात पडू नकोस. आपणच पडतो.

माझी ही गोष्ट एका अंतराळयानातल्या इंजिनिअर आणि डॉक्टरची. मूळ सिरियलमध्ये हे दोघं चार सीझनमध्ये मिळून एकमेकांशी ६ वाक्यं बोललेत, मी मोजलीत, त्यातलं एक 'सरका' आहे. पण त्या 'सरका'मध्ये जे होतं ते ज्यांना दिसलं त्यांना दिसलं. दोन पात्रांचं जमावं म्हणून जीव टाकण्याला शिपिंग म्हणतात, हा शब्द नव्वदच्या दशकात एक्स-फाइल्सच्या चाहत्यांनी रूढ केला, रिलेशनशिपमधलं शिप. तर या शिपमध्ये आम्ही जेमतेम मूठभर माणसं आणि आमच्यासाठी एका बाईंनी २ लाख १२ हजार शब्द लिहिले, टॅग होता 'स्लो बर्न'. मंद आचेवर म्हणजे किती मंद, तर ३१ व्या भागात एकदा हाताला हात लागतो आणि मी उशीत तोंड खुपसून ओरडले होते.

आणि मग दार. आणि मग काही नाही.

खालच्या कमेंट्स वाचल्या की गलबलून येतं. २०१७ : "आजच सापडली, काय लिहिलंय!" २०२० : "लॉकडाऊनमध्ये तिसऱ्यांदा वाचतेय." २०२२ : "अजून कुणी आहे का इथे?" त्याच्याखाली १४ जणांनी एकामागून एक फक्त "आहे" लिहिलंय. बंद पडलेल्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेली माणसं एकमेकांना ओळखायला लागतात ना, तसं आमचं झालंय.

आता तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर विचार की सरळ पुढचा भाग कधी. ताईनं पण हेच विचारलं. "अगं, मेसेज टाक ना तिला, घाबरतेस काय?" ताईला यातलं काही कळत नाही. फॅनफिकच्या दुनियेत "पुढचा भाग लवकर टाका" म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी पंगतीत बसून ताटलीवर चमचा वाजवणं. ती फुकट लिहितेय, नोकरी सांभाळून लिहितेय, तुझं काय देणं लागते? सगळं मान्य. पण मग विचारायचं कसं? पहिल्यांदा मी लिहिलं, "खूप छान! पुढचा भाग कधी?" खोडलं. मग लिहिलं, "पुढचा भाग नाही आला तरी चालेल," हे तर धडधडीत खोटं होतं, खोडलं. शेवटी चार रात्री खपून ६०० शब्दांची कमेंट लिहिली, त्यात १२ व्या भागातल्या तुटलेल्या पान्याचं प्रतीक काय, २६ व्या भागात ती गप्प का बसते, सगळं आलं, पुढच्या भागाबद्दल अवाक्षर नाही, फक्त शेवटी सहज : "बाकी तुम्ही कशा आहात?" उसने पैसे मागायला आलेला माणूस आधी तब्येतीची चौकशी करतो ना, अगदी तसं. उत्तर नाही आलं. कुडोजचं बटण दाबून बघितलं, कुडोज म्हणजे तिथलं लाइक, ते एका गोष्टीला एकदाच देता येतं, दुसऱ्यांदा दाबलं की साइट म्हणते तुम्ही आधीच दिलेत, आणि वर एक स्मायली टाकते. ती स्मायली मी निदान ५० वेळा बघितली असेल.

अशा वेळी मला शेरलॉक होम्सच्या वाचकांचा हेवा वाटतो. कॉनन डॉयलनं त्याला डिसेंबर १८९३ च्या स्ट्रँड मासिकात धबधब्यावर मारून टाकला तर २० हजार लोकांनी म्हणे वर्गणी बंद केली. १९०१ मध्ये नवी कादंबरी आली पण ती मरणाआधीची हकिगत, खराखुरा जिवंत होऊन आला तो १९०३ मध्ये. दहा वर्षं. पण त्यांच्याकडे बंद करायला वर्गणी तरी होती! हक्कानं शिव्या घालता येत होत्या. मी काय बंद करू?

२०२१ मध्ये मेल आला. भाग ४४! मी काय करावं, तर लगेच उघडला नाही. म्हटलं एवढी वाट बघितलीय तर नीट वाचू, आधी पहिल्यापासून ४३ भाग परत वाचले, तीन दिवस लागले, ताईचा फोन उचलला नाही, मग आंघोळ करून, फोन सायलेंटवर टाकून, उघडला. "हा भाग नाहीये, सॉरी!! मधल्या काळात दोनदा घर बदललं, परीक्षा दिली, मनगट मोडलं, आणि मांजर लॅपटॉपवर झोपल्यामुळे अर्धा भाग उडाला. पण गोष्ट सोडलेली नाही!!" नंतर तिनं ती नोट काढूनही टाकली, त्यामुळे आकडा परत ४३. चार वर्षांत माझी गोष्ट एक भाग पुढे गेली आणि एक भाग मागे आली.

जुलै २०२३ मध्ये कुणीतरी हल्ला करून एओथ्रीच पाडलं, दिवसभर साइट बंद. तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे कॉपीच नाही. साइट उठल्याबरोबर गोष्ट डाउनलोड केली, फोनवर, लॅपटॉपवर आणि ताईच्या टॅबवर. ताईनं परवा विचारलं, हे कसलं पुस्तक आलंय, शेवटच नाही त्याला. म्हणजे तिनं वाचलं. दोन लाख बारा हजार शब्द, गपचूप. आता रोज रात्री मेसेज करते, "आला का गं?"

आणि मागच्या आठवड्यात एओथ्रीचा मेल आला. विषयात 'कमेंट' दिसलं आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं, बाईंनी उत्तर दिलं! उघडला. ती कमेंट माझ्या गोष्टीवर होती. हो, मी पण एक लिहिली होती, २०१३ मध्ये, सांगायचं टाळत होते. तिची नायिका १७ वर्षांची, यानाची कॅप्टन, सर्जन, डोळे जांभळे. अशा नायिकेला मेरी सू म्हणतात, पॉला स्मिथ नावाच्या एका चाहतीनं १९७३ मध्येच त्यांची टिंगल करणारी गोष्ट लिहिली होती, मला ते तेव्हा माहीत नव्हतं. ३/?. तिसऱ्या भागाच्या शेवटी मी नायिकेला एअरलॉकमध्ये बंद करून ठेवलंय, ऑक्सिजन ९ मिनिटांचा.

कमेंट लांबलचक होती. जांभळ्या डोळ्यांचं प्रतीक वगैरे सगळं होतं. पुढच्या भागाबद्दल अवाक्षर नाही. आणि शेवटी : "बाकी तुम्ही कशा आहात?"

मी खूप वेळ बघत बसले. मग रिप्लाय उघडला आणि टाइप केलं, "सॉरी!! मध्ये जरा धावपळ होती, पण गोष्ट सोडलेली नाही!!"