घागर, माठ आणि तुमचा प्रश्न

ताई, नमस्कार.

उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमचं बोलणं मनातून जाईना. स्वयंपाकघरातला माठ आणि परसातली शेवाळलेली जांभ्याची भिंत किती देखणी दिसते, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘माठ सुंदर दिसतो, कारण तो तुम्ही कधी भरलेला नाही. माझ्या आईने वीस वर्षं घागरी वाहिल्या. शेवाळ ज्याला घासावं लागतं त्याला त्यात हिरवाई दिसत नसते.’

पहिलं खरं आहे. बेळगाव जिल्ह्यात, कणकुंबीच्या रस्त्यावर आमचं गाव. पाणी आई आणि थोरली बहीण भरायच्या, उजाडायच्या आत, विहिरीवरून. मी माठ दाखवला आणि त्या खेपा लिहिल्या नाहीत. ही चूकच झाली.

पण राबणाऱ्याला सौंदर्य दिसत नाही, हे मात्र मला पटत नाही, आणि ते आईमुळेच.

उन्हाळा तोंडावर आला की ती खानापूरच्या बाजारात माठ घ्यायला जायची. तिथली माती कुंभारकामाला नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथलीच. आई ढिगापुढं उकिडवी बसायची, एकेक माठ उचलून बोटाच्या पेरानं वाजवायची आणि कान लावायची. “ठण्ण वाजला पाहिजे. भद्द वाजला की चीर हाय म्हण.” इथवर सगळी गरजेची पारख. चांगले वाजलेले दोन-तीन माठ बाजूला निघाले की ती ते उजेडात फिरवायची, पोटावरून तळवा फिरवायची. एका वर्षी तिनं आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, एका अंगाला धूर बसलेला माठ उचलला.

“आई, डाग पडलाय की त्याला.”

“असू दे. ढग आल्यागत दिसतंय बघ.”

पैसे तेवढेच पडणार होते, पाणीही तेवढंच गार होणार होतं. घरी आल्यावर तिनं तो ढग दाराकडे येईल असा माठ ठेवला. पुढं रोज त्यात घागर रिकामी करणारी तीच होती.

माठ गार का करतो, हे मी पुढं शाळेत शिकलो. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी असं उडून जायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. आईला आकडा ठाऊक नव्हता. पण मृग लागला की ती माठ पालथा घालून माळ्यावर ठेवायची. “आता त्याचा घाम वाळत न्हाई.” दमट हवेत माठ का गारवा देत नाही, ते याहून नेमकं मला आजही सांगता येणार नाही.

शेवाळाचं म्हणाल तर तुमचा राग रास्त आहे. विहिरीजवळच्या फरशीवर बहीण घसरली होती, मनगट मोडलं होतं. ती फरशी आई खराट्यानं घासघासून पांढरी करायची. भिंतीला मात्र हात लावायची नाही. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो. वारा लागला की घट्ट होतो, पण त्याची भोकं बुजत नाहीत. आमच्याकडच्या पावसात त्या प्रत्येक भोकात पाणी धरतं आणि तांबड्या दगडातून पोपटी नेचे बाहेर येतात. एकदा मी ते उपटायला गेलो तर ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे, ते काय पायाखाली येतंय?”

लेखात आज विहिरीवरच्या खेपा आणि बहिणीचं मनगट घातलंय. माठाचं वर्णन काढलेलं नाही.

तुमच्या आई असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा. कंबर कशी आहे ते विचारालच. पण बाजारात घागर कशी निवडायच्या, तेही एकदा विचारा आणि मला कळवा.